दादा, बसा, चहा घ्या आणि हिशेब सांगा

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, रानात असाल तर मोबाइलचा आवाज तेवढा वाढवा. आज आम्ही बचत गटातल्या बायका बोलायला आलोय. माइकसमोर एकच जण बसलीय, पण बोलणं सगळ्यांचं आहे. काल रात्री जेवणं उरकल्यावर समाजमंदिरात बसून, भांडून, खोडून पुन्हा लिहून आणलंय.

विषय आहे निवडून दिलेल्या माणसाचा. सरपंच, सदस्य, झेडपीवाले, आमदार, खासदार. मत दिल्यावर पाच वर्षं आपण त्यांचं काय करायचं, आणि त्यांनी आपलं काय करायचं. आधीच सांगून टाकतो, या केंद्रावरून कुठल्या पक्षाची बाजू घेता येत नाही, आणि आम्हाला घ्यायचीही नाही. आमच्या गटातच तीन पक्षांच्या बायका आहेत. हप्त्याच्या दिवशी तिन्ही पक्ष एकाच सतरंजीवर बसतात.

आपल्याकडं पुढारी चांगला की वाईट हे लोक कशावरून ठरवतात, ते जरा आठवून बघा. "माणूस चांगला आहे, सुखदुःखाला येतो." लग्नात अक्षता टाकायला येतो, मयताला येतो, दहाव्याला तर हमखास येतो आणि दोन शब्द बोलतो. बाळंतीण अडली तर गाडी पाठवतो. दवाखान्यात फोन लावून देतो. आम्ही याला नावं ठेवत नाही. अडल्या वेळी ज्यानं गाडी पाठवली त्याला विसरायची रीत आपली नाही. पण मैत्रिणींनो, गाडी पाठवायला त्याला का लागतं? सरकारी दवाखान्याची १०८ नंबरची गाडी वेळेवर आली असती, उपकेंद्रात नर्स राहायला असती, तर त्याच्या गाडीची गरज किती पडली असती? ज्याचं काम दवाखाना चालू ठेवायला लावणं हे आहे, तो दवाखाना बंद असताना गाडी पाठवून आपला देवमाणूस होतो. आणि लग्नाचं म्हणाल, तर एका आमदाराच्या मतदारसंघात लाखांनी मतदार. लग्नसराईत तो रोज आठ लग्नं करत असेल, तर विधानसभेत काय बोलायचं याचा अभ्यास कधी करत असेल? आपण जे मागतो ते तो देतो. अक्षता मागितल्या, अक्षता मिळाल्या.

दुसरी गोष्ट नात्याची. आपण त्यांना नावानं हाक मारत नाही. कुणी दादा, कुणी भाऊ, कुणी अण्णा, कुणी ताई. ते पण आपल्याला माय-माउली म्हणतात, राखी बांधून घेतात, ओवाळून घेतात. आता भावाकडं हिशेब कसा मागायचा? लाज वाटते, आणि नेमकी तीच सोय होते. लाडकी बहीण योजनेचं बघा. २०२४ साली सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपये. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींना मिळतात आणि त्या पैशांनी पोरांची दप्तरं आली, गॅस भरला, एकीनं शेळी घेतली. ते पैसे चांगलेच आहेत. पण ते कुणाच्या खिशातली ओवाळणी नाही. सरकारच्या तिजोरीतले आहेत, आणि तिजोरीत आपण साबण घेताना, चप्पल घेताना, मोबाइलचं रिचार्ज करताना भरलेला कर आहे. स्वतःचेच पैसे स्वतःला मिळाले म्हणून तोंड बंद ठेवायचं, हे कुठल्या बहिणीनं कबूल केलंय? घरातल्या सख्ख्या भावाला सुद्धा आपण विचारतोच ना, "आईच्या औषधाचे पैसे नेलेस, औषध कुठंय?"

आता हिशेब मागायचा म्हणजे कुठल्या मापानं मागायचा, यावर काल सगळ्यात जास्त भांडण झालं. कुणी म्हणालं, आपण अडाणी, आपल्याला कायदा काय कळतो. त्यावर आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, ज्या अजून अंगठा करतात, त्या म्हणाल्या, "गटाचा कायदा कळतो की." आणि तिथंच आमचं माप सापडलं.

बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. आता तिची दशसूत्री झालीय, पण पाया तो पाचांचाच. गटाची अध्यक्ष असली तरी उशिरा आली की दंड. सचिवाची जाऊ असली तरी कर्ज ठरावाशिवाय नाही. पैसे आले किती, गेले किती, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं आणि मग सह्या. कुणी कुणाला चोर म्हणत नाही, तरी मोजून घेतात. मोजून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, ही साधी गोष्ट वीस रुपयांच्या बचतीपासून आपल्याला कळते. मग लाखांचा कारभार करणाऱ्यांना हेच माप का लावायचं नाही? बैठक घेता का? ठराव दाखवता का? नोंद वाचता का? यापलीकडं कायद्याचं पुस्तक लागत नाही.

याच्या उलट माप कसं असतं, ते पण सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. तेव्हा नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन गावांत पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. पैसे देवळासाठी, असं सांगितलं गेलं. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बिनविरोध म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, भांडण नाही, तंटा नाही. देवळाला पैसे मिळाले तर वाईट काय, असंही कुणी म्हणेल. पण ज्यानं बोली लावून खुर्ची घेतली, त्याच्याकडं हिशेब कोण मागणार? तो म्हणेल, मी मोजलेत. आणि लिलावाला बोली लावायला उभं राहणाऱ्यांत रोजंदारीवर जाणारी बाई कुठून असणार? तिच्याकडं एकच गोष्ट पुढाऱ्याइतकी आहे, ती म्हणजे एक मत. तेच लिलावात काढून घेतात.

आता ग्रामसभेकडं येऊ, कारण आपल्या हातात सगळ्यात जवळचं हेच आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. घेण्यात कसूर झाली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, इतकं ते महत्त्वाचं. नोटीस सात दिवस आधी निघावी लागते. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची सभा घ्यावी लागते. ही महिला सभा म्हणजे हळदीकुंकू नव्हे. तिथं झालेले ठराव मोठ्या सभेपुढं ठेवायचे असतात. बऱ्याच गावांत ही सभा कागदावरच होते. वही घरोघरी फिरते, "वहिनी, इथं सही करा," की झाली सभा. वही दारात आली तर आधी वरचं पान वाचायचं, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्यायचं. कोऱ्या पानावर सही करायची नाही, मग वही आणणारा आपला चुलतदीर असला तरी.

आणि गणपूर्ती नावाची भानगड आहे, तिच्याकडं नीट लक्ष द्या. ग्रामसभा भरायला गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. पुन्हा जी सभा बोलावतात, त्या तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. आता लक्षात आलं? पहिली सभा मोडली की ज्यांना सोयीचं आहे त्यांचं काम झालं. दुसऱ्या सभेला दहा-पंधरा माणसं बसतात, विषय वाचतात, मंजूर, मंजूर, मंजूर, आणि चहा पिऊन घरी. वर्षभराच्या कामांची यादी तिथं पक्की होते. म्हणजे पहिल्या सभेला घरी बसलेली बाई तटस्थ नसते. तिच्या घरी बसण्याचा पण कुणीतरी उपयोग करून घेतो. दारूच्या दुकानाच्या मतदानात हेच दिसतं. बाटली आडवी करायची तर गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, एकूण यादीतल्या निम्म्या. जी माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, जी सासऱ्याच्या धाकानं आली नाही, ती सगळी मोजणी उभ्या बाटलीच्या बाजूला जाते.

आमच्या गावात सध्या जो प्रश्न तापलाय, तो नळाचा आहे. जलजीवन मिशन २०१९ पासून आहे. घरोघर नळ, आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. आमच्याकडं पाइप आले, अंगणात काळ्या पाइपाला तोटी बसली, तोटीजवळ उभं राहून फोटो काढून नेले. पाणी मात्र आठवड्यातून दोनदा येतं, उंचावरच्या वस्तीत तेही नाही. बायका हापशावर जातातच. आता या योजनेत एक फार चांगली गोष्ट आहे, ती पुष्कळांना माहीत नाही. गावात घरोघरी पाणी पोचलं, "हर घर जल" झालं, हे शेवटी ठरवायचं ग्रामसभेनं. सरकारी खात्यानं काम झाल्याचा दाखला दिला तरी तो ग्रामसभेत वाचायचा, प्रत्येक घरात, शाळेत, अंगणवाडीत पाणी येतंय याची खात्री करायची आणि मग ठराव करायचा. म्हणजे इंजिनिअरनं सही केली, ठेकेदारानं बिल लावलं, तरी पाणी आलं की नाही हे सांगायचा मान तुमचा आमचा. असा मान आपल्याला फारसा कुणी देत नाही, तेव्हा तो फुकट घालवायचा नाही.

म्हणून आम्ही काय केलं, ते सांगतो. तक्रार करायला गेलं की साहेब म्हणतात, "पाणी येतं, तुम्हीच उचलत नाही." तोंडी बोलण्याला उत्तर तोंडीच मिळतं. आमच्या हंड्यात साधारण पंधरा लिटर मावतं. पाच माणसांच्या घराला रोजचे २७५ लिटर, म्हणजे अठरा हंडे. प्रत्येकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहायचं, नळाला आज किती हंडे आले. नाही आलं तर फुली. लिहिता न येणारीनं रेघा ओढायच्या. दोन महिने झाले, चाळीस घरांच्या भिंतींवर ही नोंद आहे. बऱ्याच चौकटींत फुली आहे. ही कॅलेंडरं आम्ही भिंतीवरून उतरवून ग्रामसभेत नेणार आहोत. कुणाला शिव्या देणार नाही. दाखला वाचून झाला की सरपंचांना म्हणणार, दादा, हे बघा आणि मग ठराव मांडा.

एका गोष्टीचा इशारा मात्र द्यायला हवा, कारण हिशेब मागणं हे हत्यार आहे आणि हत्यार कुणाच्याही हातात जातं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण बाई सरपंच झाली की तिचा हिशेब मागायला गावाला एकदम जोर येतो. पुरुष सरपंचाच्या वेळी ज्यांनी दहा वर्षं रोकडवही बघितली नाही, ते तिच्या वेळी माहितीचे अर्ज घेऊन उभे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच बाईंचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. सासूबाईंसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, असा आरोप ठेवून त्यांना पदावरून काढलं होतं. बाई म्हणत होत्या, मी नवऱ्यामुलांसोबत वेगळी, भाड्याच्या घरात राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टानं त्यांना काढण्याचा निर्णय रद्द केला, आणि बाई सरपंच झाली हे गावातल्या लोकांच्या पचनी पडत नाही, असं स्पष्टच म्हटलं. तेव्हा मैत्रिणींनो, माप एकच ठेवा. जे दादांना विचाराल तेच ताईंना, जे ताईंना तेच दादांना. आणि ताईंच्या जागी त्यांचे मालक खुर्चीवर बसून उत्तरं देत असतील, तर त्यांना नमस्कार करून म्हणायचं, "भाऊजी, तुम्हाला आम्ही निवडून दिलं नाही. वहिनींना बोलवा." वहिनी आधी घाबरेल. पण समोर चाळीस बायका बसल्यात आणि त्या आपल्याला खायला आलेल्या नाहीत, हे दिसलं की बोलेल.

आमदार-खासदारांचं थोडक्यात सांगतो, कारण ते लांब आहेत आणि तिथं आपला हात कमी पोचतो. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर प्रकरण ग्रामसभेच्या गुप्त मतदानापर्यंत येतं. आमदाराला, खासदाराला मधेच परत बोलवायची सोय आपल्या कायद्यात नाही. १९८५ साली पक्षांतरबंदी आली, पण त्यात गंमत बघा. पक्षाचा व्हीप मोडला तर आमदाराचं पद जाऊ शकतं. मतदारांना दिलेला शब्द मोडला तर काही होत नाही. आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत कोण कुठून कुठं गेलं ते तुम्ही पाहिलंय, जाताना कुणी गावात येऊन विचारलं नाही. तरी दोन-तीन गोष्टी करता येतात. निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक उमेदवार स्वतःच्या मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र देतो, ते निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतं. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, मागच्या वेळचं आणि या वेळचं शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखव. खासदाराला वर्षाला पाच कोटींची कामं सुचवता येतात. सभामंडप, कमान, पेव्हर ब्लॉक यावर "अमुक यांच्या निधीतून" असा बोर्ड लागतो तेव्हा विचारायचं, ही कमान कुणी मागितली होती? आमच्या महिला सभेच्या ठरावात तर मुलींच्या शाळेचं स्वच्छतागृह होतं.

आता शेवटची गोष्ट, जी बोलायची की नाही यावर दोघी रुसून बसल्या होत्या. निवडणुकीच्या आदल्या रात्रीची पाकिटं, साड्या, कुकर. मतासाठी पैसे देणं गुन्हा आहे आणि घेणं पण गुन्हा आहे, हे आधी सांगतो. पण पुढारी नंतर जे म्हणतात, "पैसे मोजून मत घेतलंय, आता कसला हिशेब," ते आम्हाला अजिबात मान्य नाही. मत गुप्त असतं, कुणी कुणाला दिलं हे त्याला काय माहीत? आणि समजा शंभर घरांनी पाकीट घेतलं, तर ज्या घरांनी दारातून परत पाठवलं त्यांचं काय? ज्यांनी त्याच्या विरोधात मत दिलं त्यांचं काय? अंगणवाडीतल्या पोराला तर मतच नाही, त्याचा पोषण आहार कमी पडला तर त्यानं कुणाला विचारायचं? निवडून आलेला माणूस त्या सगळ्यांचा असतो. पाकिटाची किंमत पाचशे असो की हजार, पाच वर्षांच्या कारभाराची ती पावती होत नाही.

तर येत्या १ मेला ग्रामसभा आहे. नोटीस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल, फळा बघायचं काम आमच्यातल्या दोघींनी रोजच्या दळणाच्या वाटेवर घेतलंय. महिला सभा त्याच्या आधी. तिला येताना रोजगार बुडणार असेल त्यांनी कालच्या बैठकीत सांगितलंय, त्यांची पोरं सांभाळायला आणि दुपारची भाकरी पोचवायला गटानं माणसं ठरवलीत. तिथं तीन गोष्टी मागायच्या आहेत. रोकडवही, म्हणजे नमुना नंबर पाच, सगळ्यांसमोर वाचावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे होते, त्यातून काय झालं ते सांगावं. आणि ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात, ते गेल्या वर्षी कशावर गेले ते सांगावं. सांगितलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज भाऊसाहेबांकडं द्यायचा, फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्जाची पोच घ्यायला विसरायचं नाही.

दुसऱ्या गावच्या ज्या बायका ऐकतायत, त्यांनी आपापल्या नळाची नोंद आजपासून सुरू करा. कॅलेंडर नसेल तर दाराच्या मागं कोळशानं रेघ ओढा. पहिल्या दिवशी किती हंडे भरले ते केंद्राच्या नंबरवर कळवा. आम्ही पुढच्या गुरुवारी याच वेळेला ते वाचून दाखवू.